मिरज जंक्शन: चार दिशांचे रूळ आणि तीन मापांचा घोळ

मिरजेच्या स्थानकातून रेल्वे चार दिशांना जाते. पहिली वाट सांगली, कराड, सातारा करत पुण्याला पोहोचते. दुसरी कृष्णा ओलांडून जयसिंगपूर, हातकणंगलेमार्गे कोल्हापूरला जाते आणि तिथेच संपते. तिसरी कुडची, घटप्रभा, बेळगाव घेत लोंढ्याला जाते आणि तिथून एक फाटा गोव्याकडे, दुसरा हुबळीकडे निघतो. चौथी कवठेमहांकाळ, ढालगाव, सांगोला, पंढरपूर या दुष्काळी पट्ट्यातून कुर्डुवाडीला मुंबई-सोलापूर मार्गाला मिळते. आज या चारही वाटांवर एकाच मापाचे रूळ असल्यामुळे पंढरपूरहून निघालेला डबा कोल्हापूरला किंवा बंगळूरला जाऊ शकतो, यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण ही सोय अगदी अलीकडची आहे. त्याआधी मिरजेत प्रवाशाला गाडी बदलावी लागे, पोत्याला वाघीण, म्हणजे मालाचा डबा, बदलावी लागे, आणि शहराचे बरेचसे अर्थकारण या बदलाबदलीवर चालत असे. मिरज जंक्शन मोठे का झाले आणि नंतर त्याचे स्वरूप का पालटले, हे समजून घ्यायचे तर सुरुवात रुळांच्या मापापासूनच करावी लागते.

गेज म्हणजे नेमके काय

दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये जे अंतर असते त्याला गेज म्हणतात. भारतात प्रामुख्याने तीन गेज वापरात आली. ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटर, मीटरगेज नावाप्रमाणे 1,000 मिलिमीटर, आणि नॅरोगेजमध्ये दोन मापे, त्यांपैकी मिरजेशी संबंध आला तो 762 मिलिमीटरचा, म्हणजे अडीच फुटांचा. गाडीची चाके आसावर घट्ट बसवलेली असल्यामुळे एका मापाच्या रुळावरची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळावर जाऊच शकत नाही. बैलगाडीची चाके दुसऱ्या मापाच्या चाकोरीत बसत नाहीत, पण गाडीवान निदान चाकोरी सोडून शेजारून गाडी हाकू शकतो. रेल्वेला तीही मुभा नाही.

मग वेगवेगळी मापे घेतलीच कशाला, असा प्रश्न साहजिक पडतो. त्याचे उत्तर पैशात आहे. रूळ जितके जवळ, तितकी गाडी अरुंद आणि हलकी. गाडी हलकी असेल तर रूळही कमी वजनाचे चालतात, पूल लहान लागतात, डोंगर कमी खोदावा लागतो, आणि वळणे अधिक तीव्र घेता येत असल्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो. ज्या मुलखात मालाची फारशी ने-आण होणार नाही असा सरकारचा किंवा कंपनीचा अंदाज असे, तिथे स्वस्तातले माप निवडले जाई. हा हिशेब त्या एका मार्गापुरता बरोबरही असे. मात्र दोन मापे जिथे एकमेकांना भेटतात तिथे काय होईल, याचा खर्च त्या हिशेबात क्वचितच धरला जाई, आणि तो खर्च पुढे शंभर वर्षे कोणी ना कोणी भरत राहिले.

दुष्काळातून आलेली रेल्वे

1876 ते 1878 या काळातल्या भीषण दुष्काळाने दख्खन आणि कर्नाटकाचा मोठा भाग होरपळला. धान्य दुसरीकडे उपलब्ध असूनही ते भुकेल्या गावांपर्यंत वेळेत पोहोचवता आले नाही, हा त्या आपत्तीचा एक ठळक धडा होता आणि दुष्काळी भागात रेल्वे नेण्याची निकड त्यातून पुढे आली. 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली आणि तिने दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात मीटरगेजचे जाळे विणायला घेतले. पुण्याहून निघालेला मार्ग शिंदवणे घाट चढून जेजुरी, नीरा, लोणंदकडे आला, आदर्कीचा घाट चढून वाठारला पोहोचला आणि पुढे कृष्णेच्या खोऱ्यात उतरला. 1890 च्या आसपास पुणे ते लोंढा हा मार्ग सलग झाला. लोंढ्याहून पुढे मुरगाव बंदरापर्यंतही मीटरगेजच असल्यामुळे मिरजेचा माल वाघीण न बदलता समुद्रापर्यंत जाऊ शकत होता. मुंबईकडे जाणाऱ्या मालाला मात्र पुण्यात वाघीण बदलावी लागे, कारण मुंबई-पुणे मार्ग ब्रॉडगेज होता. 1908 मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे हे नाव रूढ झाले. जुन्या पिढीच्या तोंडी ती एम. एस. एम. होती.

या मार्गाचा नकाशा नीट पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. सातारा, कराड, सांगली ही त्या वेळचीही मोठी गावे, परंतु रेल्वे त्यांपैकी एकाच्याही वेशीला लागली नाही. साताऱ्याचे स्थानक सातारा रोड या नावाने पाडळीजवळ, शहरापासून बरेच दूर होते. कराडचे स्थानक आजही कृष्णेपलीकडे ओगलेवाडीला आहे. सांगलीच्या लोकांना मुख्य मार्गासाठी माधवनगर गाठावे लागे. याचे कारण भूगोलात दिसते. ही तिन्ही शहरे कृष्णेच्या खोऱ्यात नदीकाठी किंवा नदीपलीकडे वसलेली, आणि रेल्वेने मात्र कोरेगाव, रहिमतपूरपासून मिरजेपर्यंत कृष्णेचा पूर्वेकडचा अंगच धरून ठेवला. पूल म्हणजे खर्च, आणि नदीचे पात्र शक्य तितके टाळणे हे कमी खर्चाच्या रेल्वेचे साधे धोरण असते. कृष्णा ओलांडायचीच झाली तर ती मिरजेच्या पुढे, दक्षिणेकडे कुडचीजवळ आणि कोल्हापूरच्या फाट्यावर.

शहरांपासून दूर राहिलेल्या या स्थानकांचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की मोकळ्या माळावर, रुळांच्या शेजारी, नवी गावे उभी राहिली. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या जागेवर नांगरांचा कारखाना आणला आणि पुढे त्या स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. कराडच्या स्थानकाजवळ ओगल्यांचा काच कारखाना निघाला आणि तिथून प्रभाकर कंदील घराघरांत गेले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना आला. लोखंड, कोळसा आणि यंत्रे आणायची, तयार माल देशभर पाठवायचा, तर त्या काळात रेल्वेचा मालधक्का शेजारी असणे ही चैन नसून गरज होती. खुद्द सांगली आणि साताऱ्यापेक्षा या वाड्यांना रेल्वेचा लाभ आधी आणि अधिक झाला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

याच मार्गावरची आणखी एक नोंद इथे टाळता येत नाही. 7 जून 1943 रोजी कराड आणि ताकारीच्या दरम्यान शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम घेऊन निघालेली गाडी अडवून लुटली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड हे त्या मोहिमेच्या अग्रभागी होते. इंग्रजी सत्तेची रसद ज्या रुळांवरून चालते तिथेच तिला अडवता येते, हे या मंडळींनी बरोबर हेरले होते.

संस्थानांचे फाटे

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. 1801 मध्ये चिंतामणराव पटवर्धन वेगळे होऊन सांगलीला गेले आणि कृष्णाकाठी, काही मैलांच्या अंतरावर, दोन राजधान्या झाल्या. मुख्य रेल्वे मिरजेला आली तेव्हा शेजारच्या संस्थानांनाही तिच्याशी जोडून घ्यावेसे वाटले. कोल्हापूर दरबाराने स्वखर्चाने मिरज ते कोल्हापूर हा मीटरगेज मार्ग बांधला. 1888 मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते, ते अजून लहान असताना, त्याची पायाभरणी झाली आणि 1891 मध्ये तो सुरू झाला. या फाट्यावर 1917 मध्ये शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावे जयसिंगपूर ही आखीव पेठ वसवली. आखीव हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा: काटकोनात छेदणारे रस्ते, त्यांना क्रमांक, आणि शेजारी रेल्वे. गुळाच्या, तंबाखूच्या, शेंगांच्या व्यापारासाठी स्थानक किती मोलाचे आहे, हे ज्याला कळले त्याची ही आखणी होती.

सांगली संस्थानानेही मागे राहायचे नाही असे ठरवून 1907 मध्ये मिरज-सांगली हा आपला छोटा मीटरगेज फाटा सुरू केला. हा मार्ग सात-आठ किलोमीटरांचाच, पण त्यामुळे सांगलीच्या पेठेतील हळद आणि गूळ थेट शहरातून वाघिणीत चढू लागला. त्या फाट्याचे सांगलीतले स्थानक शहराच्या आत होते. आज तिथे रेल्वे नाही, रूळ नाहीत, तरी स्टेशन चौक हे नाव सांगलीकरांच्या तोंडी पक्के बसले आहे; बाहेरगावचा पाहुणा स्टेशन चौकात उतरतो आणि गाडी कुठे दिसत नाही म्हणून बुचकळ्यात पडतो.

बार्शी लाईट मिरजेला येते

इथवर सारे मीटरगेजच होते, त्यामुळे मिरजेत अडचण नव्हती. ती आली पूर्वेकडून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याला असे सिद्ध करायचे होते की अडीच फुटांच्या अरुंद रुळावरही भरपूर माल आणि माणसे नेता येतात, फक्त भार योग्य रीतीने वाटायला हवा. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, ही त्याच्या रचनेची मूळ अट. भार थोडा म्हणून रूळ हलके, म्हणजे एक यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचे. आणि क्षमता वाढवायची ती वाघिणींना जास्त आस व बोगी, म्हणजे वळणारे चाकांचे गाडे, देऊन. या तत्त्वावर 1897 मध्ये बार्शी लाईट रेल्वे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली. 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. विमानातून उडी मारण्यासाठीची हवाई छत्री बनवण्याच्या कामातही याच गृहस्थाचे नाव घेतले जाते, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

बार्शी लाईटचा खरा आधार पंढरीचा वारकरी होता. आषाढी-कार्तिकीला डब्यांत जागा पुरत नसे आणि टपावर बसलेली माणसे हे या गाडीचे नेहमीचे चित्र होते. चढावर गाडी इतकी मंदावे की उतरून चालावे आणि पुन्हा चढावे, असे विनोद तिच्या नावावर सांगितले जात. विनोद सोडून द्यावेत, पण कवठेमहांकाळ, जत, सांगोला या पाण्याविना कासावीस झालेल्या टापूला बाहेरच्या जगाशी जोडणारा तो अनेक दशके एकमेव स्वस्त मार्ग होता. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ही खासगी कंपनी ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली.

दोन मापे भेटतात तेव्हा काय घडते

मिरजेच्या यार्डात नॅरोगेज आणि मीटरगेज शेजारी शेजारी आले की माल उतरवून चढवण्यासाठी एक खास धक्का लागतो. त्याच्या एका बाजूला एका मापाचे रूळ, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या मापाचे, आणि दोन्हीकडच्या वाघिणींच्या तळाची पातळी धक्क्याशी जुळेल अशा बेताने रुळांची उंची ठेवलेली. मधल्या जागेतून हमाल पाठीवर पोते घेऊन एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जातो. नॅरोगेजची वाघीण लहान, मीटरगेजची मोठी, त्यामुळे एकास एक हिशेब जुळत नाही. या वाघिणीतली काही पोती त्या वाघिणीत, उरलेली धक्क्यावर, आणि पुढची वाघीण येईपर्यंत त्यांच्यावर ताडपत्री. मोजणी पुन्हा, पावती पुन्हा, फुटलेल्या पोत्याचे सांडलेले धान्य कोणाच्या नावावर टाकायचे यावरून कारकुनांची कुरबुर वेगळीच. जुन्या पद्धतीत यात एखाद-दुसरा दिवस सहज जात असे, आणि नाशवंत मालाला तो दिवस परवडत नसे.

प्रवाशांची गत फार वेगळी नव्हती. पंढरपूरहून कोल्हापूरला जाणाऱ्याला मिरजेत सामानासह उतरून दुसऱ्या फलाटावर जावे लागे, आणि जोडगाडी चुकली की रात्र तिथेच. परंतु हाच तोटा मिरजेच्या बाजारपेठेचा नफा होता. थांबलेल्या माणसाला चहा लागतो, जेवण लागते, झोपायला जागा लागते. शिवाय दोन मापांची इंजिने, दोन प्रकारचे डबे, त्यांची देखभाल करणारे कामगार, हमाल, तिकीट तपासनीस, असा मोठा रेल्वे कुटुंबकबिला शहरात राहिला. 1894 मध्ये विल्यम वानलेस यांनी मिरजेत उभारलेल्या मिशन रुग्णालयामुळे कर्नाटकातून, सोलापूर भागातून रुग्ण येऊ लागले, आणि चार दिशांच्या गाड्या एका जागी मिळत असल्यामुळे वैद्यकीय पंढरी हा लौकिक मिरजेला टिकवता आला. रेल्वे नसती तर रुग्णालय चालले नसते असे मी म्हणणार नाही, पण त्याचा पसारा इतका दूरवर पोहोचला नसता हे निश्चित.

गाण्याच्या बाबतीतही काहीसे असेच आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, आणि त्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात, म्हणजे कच्चा माल आणि कारागीर दोन्ही या रेल्वेच्या टापूतलेच. पार्सलाने जाणारा तंबोरा कसा बांधतात हे पाहण्यासारखे असते: तारा सैल सोडलेल्या, तारांखालची घोडी काढून ठेवलेली, भोपळ्याभोवती गवताची किंवा कापडाची जाड गादी, आणि बाहेर लाकडी पेटी. मिरजेला ज्यांचे वास्तव्य होते आणि जिथे दर्ग्याच्या आवारात ज्यांची समाधी आहे, ते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये पाँडेचरीकडे निघाले असताना मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोइल स्थानकाच्या फलाटावरच निवर्तले.

1971 नंतरची अदलाबदल

पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज करण्याचे काम 1971 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी मुंबई-कोल्हापूर महालक्ष्मी एक्स्प्रेस सुरू झाली. गेज बदलणे म्हणजे रूळ उचलून जरा दूर ठेवणे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ब्रॉडगेजला मीटरगेजची तीव्र वळणे चालत नाहीत, जुने पूल जड इंजिनाचा भार पेलत नाहीत, रुळांखालचे आडवे स्लीपर लांब लागतात, बोगदे आणि खोदाई रुंद करावी लागते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी जुना मार्ग सोडून नवाच आखावा लागला, आणि या नव्या आखणीत गावांचे नशीब पालटले. साताऱ्याला माहुलीच्या बाजूला शहरालगतचे स्थानक मिळाले आणि सातारा रोडचे महत्त्व ओसरले. सांगलीला माधवनगरवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. मुख्य मार्गच सांगलीवरून, विश्रामबागमार्गे मिरजेला नेला गेला. संस्थानी फाटा बंद झाला.

पण दक्षिणेकडचा मिरज-लोंढा-हुबळी मार्ग 1990 च्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला, आणि पंढरपूरचा नॅरोगेज. म्हणजे 1971 पासून सुमारे दोन दशके मिरजेत तिन्ही मापे एकत्र नांदत होती, आणि असे स्थानक देशातही दुर्मीळच होते. मिरजेचा सर्वाधिक वर्दळीचा काळ हाच. मुंबईहून गोव्याला रेल्वेने जायचे तर मिरजेपर्यंत ब्रॉडगेजने यायचे आणि इथे मीटरगेजच्या गाडीत बसून वास्कोला जायचे, हा राजमार्ग होता. पुढे दक्षिणेचा मार्गही ब्रॉडगेज झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईचा गोव्याला जाणारा प्रवासी मिरजेच्या वाटेवरून जवळजवळ नाहीसा झाला. या शतकाच्या पहिल्या दशकात बार्शी लाईटची शेवटची नॅरोगेजही उखडली गेली आणि त्या जागी ब्रॉडगेज आले.

हमाली बुडाली, दुकाने ओस पडली, अशी खंत मिरजेत अजून ऐकू येते आणि ती खोटी नाही. तरीही या एकाच मापाचा अर्थ काय, हे एप्रिल 2016 मध्ये साऱ्या देशाने पाहिले. लातूर शहराला प्यायला पाणी उरले नव्हते. राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कारखान्यात टाक्यांच्या वाघिणी वाफेने स्वच्छ करून मिरजेला आणण्यात आल्या, कृष्णेचे पाणी त्यांत भरले गेले आणि 11 एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद असा सुमारे 342 किलोमीटरांचा प्रवास करून ती दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. नंतर पन्नास वाघिणींची, म्हणजे एका खेपेत 25 लाख लिटरांची, गाडी धावू लागली. ही वाट स्थूलमानाने कॅलथ्रॉपच्या बार्शी लाईटचीच. फरक इतकाच की जुन्या अरुंद रुळावर एवढ्या वजनाची गाडी उभीही राहिली नसती, आणि कोट्याहून आलेली ब्रॉडगेजची टाकी मिरजेच्या पुढे एक फूटही सरकली नसती. दुष्काळात अन्न पोहोचावे म्हणून ज्या भागात रेल्वे आली, तिथे सव्वाशे वर्षांनी तिच्यावरून पाणी गेले.

आजची व्यवस्था

मिरज स्थानक आणि पुणे-कोल्हापूर मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतात. पंढरपूरकडचा मार्ग त्याच मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात जातो, आणि बेळगावकडे निघालात की काही अंतरावर नैर्ऋत्य रेल्वेचा हुबळी विभाग सुरू होतो. ही माहिती कोरडी वाटली तरी उपयोगाची आहे, कारण एखाद्या पॅसेंजरची वेळ बदलावी किंवा थांबा मिळावा अशी मागणी चुकीच्या विभागाकडे केली तर ती नुसती फिरत राहते. मिरज-बेळगाव गाडीच्या डब्यांची तक्रार पुण्याला करून भागत नाही.

पुणे-मिरज मार्ग दीर्घकाळ एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडता येते. समोरून दुसरी येत असेल तर एकीने स्थानकात बाजूच्या रुळावर थांबायचे. या थांबण्यालाच लोक क्रॉसिंग म्हणतात आणि पॅसेंजरचा निम्मा उशीर त्यातच होत असे. पूर्वी टप्प्यात शिरण्याचा परवाना म्हणून चालकाला धातूचा गोळा दिला जाई. वेताच्या मोठ्या कड्याला कातडी पिशवी, पिशवीत गोळा, आणि न थांबणाऱ्या गाडीच्या चालकाने चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे दंडावर झेलायचे. आता सिग्नल यंत्रणा विजेवर चालते, मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे आणि दुसरी लाईन टप्प्याटप्प्याने टाकली गेली आहे. घाटाची चढण मात्र कायम आहे, त्यामुळे पुणे ते मिरज या सुमारे 280 किलोमीटरांना सपाट प्रदेशातील तेवढ्याच अंतरापेक्षा अधिक वेळ लागणारच. पावसाळ्यात कोल्हापूरच्या फाट्याला आणखी एक मर्यादा येते: 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी रुकडीच्या पुलाजवळ चढल्यामुळे मिरज-कोल्हापूर वाहतूक थांबवावी लागली होती, आणि कोल्हापूरला दुसरा रेल्वेमार्गच नसल्यामुळे अशा वेळी लांब पल्ल्याच्या गाड्या मिरजेपर्यंतच आणाव्या लागतात.

गाड्यांची ये-जा दोन प्रकारची आहे. महालक्ष्मी, कोयना, महाराष्ट्र एक्स्प्रेस, तिरुपतीची हरिप्रिया या कोल्हापूरहून सुटून मिरजेवरून जाणाऱ्या. तर गोवा एक्स्प्रेससारख्या गाड्या उत्तरेतून दक्षिणेकडे जाताना मिरजेत थांबणाऱ्या. सप्टेंबर 2024 पासून पुणे-कोल्हापूर आणि पुणे-हुबळी या वंदे भारत गाड्या आठवड्यातून काही दिवस धावू लागल्या आणि त्या दोन्हींना सांगली व मिरज असे लागोपाठचे थांबे आहेत. सात-आठ किलोमीटरांवर दोन थांबे का, असा सवाल पुण्याकडच्या प्रवाशांकडून येतो. सांगली जिल्ह्याचे ठिकाण आहे आणि मिरज जंक्शन आहे, हे त्याचे सरळ उत्तर. बेळगाव किंवा पंढरपूरची गाडी पकडायची असेल त्याला सांगलीला उतरून चालत नाही.

या दोन प्रकारांतला फरक आरक्षणाच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. लांब पल्ल्याच्या गाडीतल्या सगळ्या जागा सगळ्या स्थानकांना सारख्या खुल्या नसतात. गाडी जिथून सुटते त्या स्थानकाच्या आणि त्याच्या लगतच्या प्रवाशांसाठी मोठा वाटा असतो आणि त्याच्या प्रतीक्षायादीवर जी. एन. डब्ल्यू. एल. असे लिहिलेले असते. मधल्या एखाद्या महत्त्वाच्या स्थानकाला वेगळा, लहान वाटा दिला जातो. त्याच्या यादीवर आर. एल. डब्ल्यू. एल. असे लिहिलेले असते. मधल्या अनेक लहान स्थानकांना मिळून एक सामाईक वाटा असतो, त्याच्या यादीवर पी. क्यू. डब्ल्यू. एल. असे लिहिलेले असते. यांपैकी पहिल्या यादीतले तिकीट पक्के होण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण तिच्यामागे जागा जास्त आणि म्हणून रद्द होणारी तिकिटेही जास्त. दुसऱ्या दोन याद्यांत वीस-पंचवीस क्रमांकसुद्धा हलता हलत नाही.

म्हणून कोल्हापूरहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट सांगली किंवा मिरजेतून काढताना यादी कोणती येते हे आधी पाहावे, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारची असेल तर तिकीट कोल्हापूरपासून काढून चढण्याचे स्थानक मिरज किंवा सांगली नोंदवण्याचा विचार करावा. भाडे थोडे वाढते, पण मोठ्या वाट्यातली जागा मिळू शकते. चढण्याचे स्थानक नोंदवायला विसरू नये. नाहीतर कोल्हापूरला प्रवासी चढला नाही म्हणून तपासनीस ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो. अजमेर किंवा बंगळूरहून येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत ही युक्ती परवडत नाही, कारण सुरुवातीचे स्थानक शेकडो किलोमीटर मागे असते. तिथे 60 दिवस आधी आरक्षण उघडते त्या सकाळीच तिकीट काढणे, किंवा गाडी तिच्या सुरुवातीच्या स्थानकावरून सुटते त्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी 10 वाजता आणि इतर डब्यांसाठी 11 वाजता सुरू होणाऱ्या तत्काळमध्ये प्रयत्न करणे, एवढेच दोन मार्ग उरतात.